फोडून सांग

माझ्या हातात माईक दिला की तो परत मिळत नाही, अशी आमच्या पेठेत माझी ख्याती आहे. हळदीकुंकू असो, कुणाचा निरोप समारंभ असो, नाहीतर बारसं. माझं नाव पुकारलं की माझा मुलगा समोरच्या रांगेत बसून मनगटावरचं घड्याळ पुसायला लागतो आणि सून चिठ्ठी लिहायला घेते. 'आई, जेवणं गार होतायत.' असल्या चिठ्ठ्यांचा माझ्याकडे चांगला गठ्ठा झालाय. एकदा तर मी ती चिठ्ठीच लोकांना वाचून दाखवली आणि तिच्यावर पाच मिनिटं बोलले. त्यामुळं या बाईला जन्मतःच जीभ जरा लांब मिळाली असणार, असा सगळ्यांचा समज आहे. तो समज खोडून काढावा म्हणून हे लिहायला घेतलंय. वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत शाळेत माझ्या तोंडून ब्र निघत नव्हता.

आमच्या शाळेत प्रार्थना झाली की एका मुलीनं पुढं येऊन फळ्यावरचा सुविचार मोठ्यानं वाचायचा, अशी पद्धत होती. माझी पाळी आली त्या दिवशी सुविचार होता 'नेहमी खरे बोलावे'. तीन शब्द. कुणालाही जमावेत. मी फळ्याकडे बघून 'नेहमी' म्हटलं, मग मुलींकडे बघितलं आणि सरळ पाण्याच्या टाकीकडे चालू पडले. पळाले नाही हं! अगदी सावकाश, हात मागं बांधून, जणू मला तिथंच कुणीतरी बोलावलं होतं. टाकीपाशी जाऊन मी पाणी प्यायले, तोंड धुतलं, परत पाणी प्यायले. तोवर घंटा झाली आणि त्या दिवशी 'नेहमी' एवढ्याच सुविचारावर शाळा भरली. पुढं दोन वर्षं वर्गात माझं नावच 'नेहमी' पडलं होतं. खरं नाव राजमणी, घरात राजी.

आता यातली गंमत अशी की हीच राजी सकाळची शाळा सुटली की घरी रोज दुपारी दोन-तीन तास खणखणीत आवाजात पुस्तक वाचायची, तेही सात-आठ बायकांसमोर. आमचं घर म्हणजे एक खोली आणि तिच्यापुढं पत्र्याची ओसरी. शेजारी मागांचा कारखाना, त्याची खटाखट दिवसभर चालायची. नायना, म्हणजे माझे वडील, गिरणीत कामाला. गिरणीचा भोंगा, मागांची खटाखट, ओसरीतल्या कात्र्यांची कचकच आणि तंबाखूच्या ठसक्यानं सगळ्यांचं आळीपाळीनं शिंकणं, अशा आवाजात मी लहानाची मोठी झाले. तिथं हळू बोलणाऱ्याचं कुणी ऐकूनच घेत नसे. आमच्या घरात आजारी माणूससुद्धा ओरडून कण्हायचं.

ओसरीत गल्लीतल्या बायका बिड्या वळायला बसत, कारण दुपारची सावली आमच्याकडेच होती. आम्ही तेलुगू, तशाच बहुतेक जणी. एक-दोघी कानडी बोलणाऱ्या, अक्कलकोटच्या बाजूच्या. समोरच्या हाजराबी दखनी बोलायच्या. या सगळ्यांचं मिळून जे व्हायचं ते म्हणजे आमचं सोलापुरी मराठी. ते बोलायला सोपं आणि लिहायला अवघड, म्हणून अम्मा तेलुगूत जे बोलायची तेही मी इथं त्याच मराठीत लिहिणार आहे. प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. पान पत्र्याच्या साच्यावर ठेवून कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू घालून वळायचं, टोक मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. बघायला पाच वर्षांच्या पोराचं काम वाटतं. मी नऊ वर्षांची असताना मला बसवलं आणि आठवडाभरात उठवलं. माझी बिडी मधे फुगायची. बिडीच्या कारखान्यात माल तपासणाऱ्या माणसानं माझी एक बिडी उजेडात धरून अम्माला विचारलं होतं म्हणे, "बाई, हिचं बारसं कधी हाय?"

तेव्हा बिनकामाच्या पोरीला काहीतरी काम द्यायचं म्हणून नरसव्वानं मला वाचायला लावलं. नरसव्वा ओसरीतली सगळ्यांत म्हातारी. कंबर वाकलेली, आवाज मात्र भोंग्याला सामना देणारा. तंबाखू रद्दीच्या कागदात बांधून यायचा. एकदा तिनं तो कागद झटकून माझ्यापुढं टाकला. "शाळंत जातीस न्हवं? मग वाच काय लिवलंय." कागदावर कुठल्याशा मासिकातली गोष्ट होती. पुण्याच्या बंगल्यातली कुणी मालती खिडकीत उभी होती आणि तिचा नवरा यायचा होता. तेवढ्यात कागद फाटलेला. नरसव्वानं विचारलं, "तरवात?" तेलुगूत तरवात म्हणजे मग, पुढं काय. मी म्हटलं, पुढचं पान फाटलंय. तर सात जणींनी एकदम माना हलवल्या, की असं कसं, ती बाई खिडकीत उभी राहिली की! मग मी त्या नवऱ्याचा ट्रक टेंभुर्णीला बंद पाडला. माझ्या मामाचा ट्रक तिथं एकदा बंद पडला होता आणि जगातला तेवढाच एक अपघात मला तपशिलानं माहीत होता. पुढं दोन वर्षं कुणाच्याही गोष्टीतला कुणीही माणूस फाटलेल्या पानावर हरवला, की तो टेंभुर्णीला सापडायचा. आणि माझीच अक्कल संपली की मी डोळे मिटून जाहीर करायची, "एवढंच. पुढचं पान फाटलंय." त्यावर अपील नव्हतं.

मग रद्दीवरून मी वाचनालयाच्या पुस्तकांवर गेले. आणि ओसरीचा एक नियम ठरला. वाचणारीचे हात रिकामे राहतात, तेव्हा उठताना प्रत्येकीनं चार-पाच बिड्या अम्माच्या सुपात टाकायच्या, वाचणारीचा वाटा म्हणून. त्या चार-पाच बिड्यांचा मला जो तोरा होता तो पुढं कुठल्याच पगाराचा वाटला नाही. दुपारी भाकरी, शेंगाची चटणी आणि चारू, म्हणजे चिंचेचं पातळ सार, होऊन बायका परत सुपावर बसल्या की मी भिंतीला टेकून पुस्तक उघडायची.

पण नुसतं वाचून चालायचं नाही. पुस्तकातलं मराठी त्या बायकांना परकं. मी वाचायची, 'तिच्या अंतःकरणात विचारांचे काहूर माजले.' लगेच नरसव्वा, "ते काय बोलली गं? फोडून सांग." मग मी म्हणायची, "म्हणजे काय, तिला काय करावं ते सुधरंना झालं." "आसं सांग की मग!" म्हणजे एक वाक्य पुस्तकातलं आणि एक माझं, असं आमचं वाचन चालायचं. फोडताना मी वाक्यात काय वाटेल ते भरायची. लेखकानं जिथं 'चंद्रिकेचा शुभ्र प्रपात' लिहिलं असेल तिथं मी "म्हणजे काय, लख्ख चांदणं पडलंतं, दिवा लावायची गरज न्हवती" असं सांगायची, आणि बायका म्हणायच्या, बरं झालं, तेवढंच रॉकेल वाचलं. पाच वर्षं रोज हेच केल्यामुळं माझ्या डोक्यात एक खोड घट्ट बसली. अवघड वाक्य तोंडातून निघालं की त्याच्या मागोमाग 'म्हणजे काय' आपोआप यायचं.

मग शाळेत काय व्हायचं? त्याचं कारण मला फार उशिरा कळलं. ओसरीत माझ्याकडे कुणी बघत नसे. सगळ्यांच्या नजरा पानावर, बोटांवर. ऐकणाऱ्यांच्या माना खाली असत आणि मी वर बघून बोलत असे. शाळेत उलटं होतं. तिथं दीडशे मुली एकदम तोंडाकडे बघायच्या आणि त्यांच्या हातात काहीच काम नसायचं. रिकाम्या हातांची माणसं बघितली की माझी दातखीळ बसायची. हल्ली मात्र सभेत सगळ्यांच्या माना खालीच असतात, मोबाइलमध्ये घातलेल्या. बाकीचे वक्ते त्यावर फार चिडतात. मला भलताच धीर येतो.

आणि ओसरीत माझं वाचन रंगलं की नाही, हे मला हातांवरून कळायचं. गोष्ट भिडली की कात्र्या थांबायच्या. एखादी बाई अर्धी वळलेली बिडी तशीच बोटांत धरून बसायची. हाजराबी तर सूप बाजूला ठेवून पदर तोंडावर घ्यायच्या. "या अल्ला, मर गई क्या गे वो?" फक्त एकीचे हात थांबत नसत, ती म्हणजे माझी आई. एकदा एक नायिका बाळंतपणात गेली आणि ओसरीत रडारड झाली. अम्मा दोरा गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "रडा की. पन हात चालवत रडा." मी पाच वर्षं किती नायिका मारल्या, किती मुलं जत्रेत हरवली, किती भाऊ भावांना ओळखू येईनासे केले, अम्माच्या कात्रीनं एक पान चुकवलं नाही. मला तेव्हा तिचा रागच यायचा. वाचणारीचा वाटा ती सुपातून गुपचूप घ्यायची आणि माझं वाचन कसं झालं ते कधी बोलायची नाही.

मी नववीत असताना अम्मानं ठरवलं की वार्षिक परीक्षा झाली की शाळा बंद. बिडीच्या कारखान्यात माझ्या नावाचं कामगाराचं कार्ड काढायचं आणि मी सुपावर बसायचं. माझ्याबरोबरीच्या गल्लीतल्या सगळ्या पोरी बसल्याच होत्या, त्यात वाईट कुणी काही धरत नव्हतं. नायनांनी मान डोलावली. त्यांनी मान हलवली की तो होकार आहे की झोप, हे सांगणं कठीण असे. मी रडले नाही, कारण तेवढी हिंमत नव्हती. नुसतं मनात यायचं, आता पुस्तक कोण धरणार, आणि माझ्या फुगलेल्या बिड्या कोण घेणार.

त्याच सुमारास एकदा मी तीन दिवस शाळेत गेले नाही म्हणून आमच्या मराठीच्या इनामदार बाई विचारायला घरी आल्या. गल्लीच्या तोंडाशीच त्यांना कुणीतरी वाचत असलेलं ऐकू आलं. त्या ओसरीबाहेर किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. मी एका वाक्याचं "म्हणजे काय, सासू लई वंगाळ व्हती" करत होते, तेवढ्यात बाई आत आल्या आणि म्हणाल्या, "नेहमी, हा तुझा आवाज आहे?" शिक्षकांनाही ते नाव माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं. अम्मानं उठून पाट मांडला, चहा ठेवला आणि सरळ सांगून टाकलं की परीक्षा झाली की पोरगी शाळेत येणार नाही.

बाई म्हणाल्या, "अहो, हिचं वाचन ऐका तरी. हिला काढू नका शाळेतून."

"पाच वर्सं ऐकतेय की मी," अम्मा म्हणाली. "घरात बोलून काय व्हतंय बाई? शाळंत हिच्या तोंडातनं शबुद निघत न्हाय म्हणून तुमीच की चिठ्ठी दिलती."

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. मग त्या म्हणाल्या, पुढच्या महिन्यात शहरातल्या शाळांची वक्तृत्व स्पर्धा आहे, तिथं हिला बोलू द्या. अम्मानं फडक्यावर पाणी शिंपडलं, पानं नीट झाकली आणि निकाल दिला, "नंबर आला तर शाळा. न्हाय आला तर सूप." बाई म्हणाल्या, कबूल. मला कुणी विचारलंच नाही. मी चहाच्या कपबशा विसळायला गेले आणि त्यातली एक बशी फोडली.

स्पर्धेचा विषय होता 'श्रमाचे महत्त्व'. बाईंनी भाषण स्वतः लिहून दिलं, चार पानं, निळ्या शाईत, आणि फार मायेनं लिहिलं होतं. पहिलंच वाक्य अजून पाठ आहे. 'श्रमदेवतेच्या मंगल मंदिरात घर्मबिंदूंच्या मौक्तिकमाला अर्पण करणारा मानव हाच खरा पुजारी होय.' ते वाचून मला वाटलं, आता नंबर कुणाच्या बापाला चुकत नाही. पाठ करायला ओसरीशिवाय जागा नव्हती. मी पहिलं वाक्य म्हटलं आणि नरसव्वा म्हणाली, "फोडून सांग." मी सांगितलं, "म्हणजे काय, जो घाम गाळतो तोच खरा पुजारी." नरसव्वा म्हणाली, "मग पुजाऱ्याला सांग की, आज तू बस बिड्या वळत, मी जाते देवळात." हशा पिकला. महिनाभर रोज असंच. 'श्रमाने काया कांतिमान होते.' "फोडून सांग." "म्हणजे काय, काम करून अंग चमकतं." "कुनाचं गं? माझं बघ बरं चमकतंय का." भाषण मला तोंडपाठ झालं, आणि त्याच्या पोटातली ही सगळी फोडसुद्धा. शिक्षकांच्या खोलीत बाईंपुढं म्हणताना मी फरशीकडे बघत नुसतं कागदावरचं तेवढं घडाघडा म्हणायची. बाई खूष होत्या. मी पण खूष होते. मूर्ख माणसाला खूष व्हायला फार लागत नाही.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी मी अम्माला विचारलं, येतीस का? ती म्हणाली, "कामाचा दिस हाय." तिनं माझ्या वेण्या इतक्या घट्ट घातल्या की भुवया वर चढल्या, आणि मी दिवसभर आश्चर्यचकित दिसत राहिले. स्पर्धा एका मोठ्या शाळेच्या सभागृहात होती. लाकडी खुर्च्या, पंखे, व्यासपीठावर टेबल, टेबलावर झालर, आणि तीन परीक्षक. मधले अध्यक्ष एक पांढऱ्या केसांचे वकीलसाहेब. गेल्या गेल्या मी पाण्याची टाकी कुठं आहे ते बघून ठेवलं. माझ्या आधी एक मुलगा टेबलावर मुठी आपटून बोलला आणि एका मुलीनं हातांनी असा सूर्य उगवून दाखवला की टाळ्या थांबेनात. मग माझं नाव झालं.

"अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि..." इथवर मी गेले. 'आणि'च्या पुढं माझे बंधुभगिनी होते. त्यांच्याकडे मी बघितलं आणि ते सगळे माझ्याकडे बघत होते. मोकळ्या हातांची शेकडो माणसं. पंख्यांचा आवाज तेवढा. पहिल्या रांगेत इनामदार बाई ओठ हलवून मला पुढचं वाक्य सांगत होत्या. मला त्यांचे दात दिसत होते, वाक्य दिसत नव्हतं. मनात एकच चाललं होतं, गेली शाळा, आलं सूप. आणि माझे पाय, अगदी खरं सांगते, डावीकडे वळायला लागले होते. टाकी डावीकडे होती.

तेवढ्यात मागून कचकच ऐकू आली. मला वाटलं, भास. मान उंचावून बघितलं तर अगदी शेवटच्या रांगेत सहा-सात माना खाली घातलेल्या. नरसव्वा, हाजराबी, आमची अख्खी ओसरी! मांडीवर ओली फडकी, हातात कात्री, पानं कापणं चालू. पुढं मला कळलं की दारावरच्या शिपायानं त्यांना अडवून विचारलं होतं, हितं काय काम. नरसव्वा म्हणाली, आमची पोरगी बोलणाराय. तो म्हणाला, हितं बिड्या वळायच्या न्हाईत. ती म्हणाली, वळत न्हाय बाबा, नुसती पानं कापतोय, तू बी ऐकायला ये. अर्धा दिवस बुडवून आलेल्या त्या बायका हातचं काम बुडवायला तयार नव्हत्या. अम्मा खांबाआड बसली होती. तिच्या लुगड्याचा काठ आणि मांडीवरचं पांढरं फडकं, एवढंच मला दिसत होतं.

"तरवात?" नरसव्वा ओरडली. सगळं सभागृह मागं वळून बघायला लागलं. म्हणजे माझ्याकडे आता कुणीच बघत नव्हतं!

माझं तोंड उघडलं. "श्रमदेवतेच्या मंगल मंदिरात घर्मबिंदूंच्या मौक्तिकमाला अर्पण करणारा मानव हाच खरा पुजारी होय," मी ओसरीतल्या आवाजात म्हटलं. मागांच्या खटाखटीवर मात करणारा तो आवाज त्या शांत सभागृहात असा काही घुमला की वकीलसाहेबांची पेन्सिल खाली पडली. आणि लगेच, थांबवायच्या आत, मागोमाग ते आलंच. "म्हणजे काय, घाम. मोतीबिती काय न्हाय. घामच."

सभागृहात हसू फुटलं. इनामदार बाईंनी डोळे मिटून घेतले. मला माझी चूक कळली, पण गाडी उताराला लागली होती. मी दुसरं वाक्य म्हटलं, त्याची फोड झाली. तिसरं म्हटलं, त्याचीही झाली. 'श्रम हे उन्नतीचे सोपान होय.' "म्हणजे काय, जिना. काम केलं की मानूस वर चढतं." आणि मागून नरसव्वा, "आमी तर खालीच बसतोय गं!" लोक पोट धरून हसत होते. वकीलसाहेब चष्मा काढून डोळे पुसत होते. मी रडकुंडीला आले होते, पण थांबता येईना. थांबलं की ती शांतता आली असती.

मग ते वाक्य आलं. "श्रमाने काया कांतिमान होते. म्हणजे काय, काम करून अंग चमकतं." आणि इथं मी अडले. कारण समोर खाली घातलेल्या त्या माना होत्या आणि मला महिनाभर दिलेली उत्तरं आठवत होती. मी म्हटलं, "हे खोटं हाय." हसू थांबलं. "आमच्या नरसव्वाच्या बोटांच्या शेंड्यांची कातडी झिजलीय. भाकरी खाताना चटणी लागली की झोंबती, म्हणून ती भाकरी चारूत बुडवून खाती. हाजराबी शिंकल्या की त्यांना अर्धा तास ठसका लागतो. माझी अम्मा सकाळी उठली की आदी भिंत धरती, मग उभी राहती. तिचं अंग चमकत न्हाय. पन तिच्या सुपातली एक बिडी कधी बाद झाली न्हाय. तुमी कितीबी तपासा. माझ्या सगळ्या बाद झाल्या. मला तिचं काम येत न्हाय, मला नुसतं सांगता येतं." असं कायकाय बोलले. कागदावरचं एक अक्षर त्यात नव्हतं. वेळ संपल्याची घंटा वाजली, ती मला गिरणीतलीच कुठली तरी वाटली. परत वाजली. मागच्या रांगेतली कचकच बंद झाली होती आणि माना वर आल्या होत्या. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, आणि पहिल्यांदाच मला त्याची भीती वाटली नाही. पण आता पुढं काय बोलायचं ते मात्र सुचेना. तेव्हा मी डोळे मिटून जाहीर केलं, "एवढंच. पुढचं पान फाटलंय." आणि चालत जाऊन टाकीवर पाणी प्यायले.

नंबर आला नाही. पहिला टेबल आपटणाऱ्याचा, दुसरा सूर्याचा, तिसरा कुणाचा ते ऐकायला मी शुद्धीवर नव्हते. उत्तेजनार्थ सुद्धा नाही. बाई जाऊन विचारून आल्या. भाषा अशुद्ध, वेळेचं भान नाही, विषयाच्या विरोधात भाषण, आणि श्रोत्यांमधून मदत घेतली, असे चार शेरे होते. चारही बरोबर होते. मी आज परीक्षक असते तर पाचवा दिला असता, की मुलीचा चेहरा विनाकारण आश्चर्यचकित आहे.

आम्ही चालत घरी आलो. हाजराबी वाटभर बडबडत होत्या, "नंबर देनेवालों को अकल नको क्या गे?" नरसव्वा काठी टेकत मागं मागं चालली होती. आपण मधे बोललो म्हणून पोरीचा नंबर गेला, असं तिला वाटत होतं. अम्मा सगळ्यांच्या पुढं, गाठोडं काखेत मारून. घरी आल्यावर बायका आपापल्या दारी गेल्या. मी ओसरीत गेले, भिंतीवरचं जादा सूप काढलं आणि मांडीवर घेऊन बसले. म्हटलं, सांगितल्यावर बसण्यापेक्षा आधीच बसावं. "उद्यापासनं वळते मी," मी म्हटलं आणि मग मात्र मला रडू आवरेना.

अम्मानं गाठोडं माझ्यापुढं ठेवलं आणि फडकं सोडलं. पानं जशी सकाळी बांधली होती तशीच होती. अख्खी, गोल, एकावर एक. बाजूला साचा, आणि साच्यावर कोरडी कात्री. मी पानांकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं.

"बघ काय केलंस," ती रागानं म्हणाली. "अर्धा दिस गेला. एक पान कापलं न्हाय मी."

"पण नंबर आला न्हाय, अम्मा."

"नंबर त्यांनी दिला न्हाय. पानं माझी राह्यली," ती म्हणाली. माझ्या मांडीवरचं सूप तिनं ओढून घेतलं आणि परत भिंतीला लावलं. "तुझ्या बिड्या घेतंय कोन? शाळंत जा."

बाहेर अजून थोडा उजेड होता. ती पानं कापायला बसली. मी मदतीला कात्री घेतली तर तिनं माझ्या हातावर चापट मारली आणि कोनाड्यातल्या पुस्तकाकडे हनुवटीनं खूण केली. मी डोळे पुसले, भिंतीला टेकले, पुस्तक उघडलं. नाकातून आवाज येत होता, तरी वाचलं. एक वाक्य पुस्तकातलं, एक माझं. समोर कुणी नव्हतं, ती एकटीच. पान संपलं आणि उलटायला मी जरा थांबले.

अम्मानं मान वर केली नाही. कात्री मात्र थांबली.

"तरवात?" ती म्हणाली.